सातचं लिमिट

१

सकाळी आठला कंट्रोल रूममध्ये शिरलं की धाकटा आधी खुर्ची पुसायचा आणि मगच बसायचा. पुसण्यासारखं तिच्यावर काही नसे. पण ती दादाची खुर्ची होती, आणि तिच्यावर नुसतं जाऊन टेकायचं त्याच्या जिवावर यायचं.

खोली लहान. समोर दोन स्क्रीन, डाव्या हाताला खिडकी, खिडकीबाहेर ट्रक वळवायचं आवार. कोपऱ्यात कपाटाएवढं हवा मोजायचं मशीन. कोठारात अशा बारा खोल्या होत्या की एकेकीत दोन मजली घर उभं राहील, आणि सगळ्या हवाबंद. फळ झाडावरून उतरवलं म्हणून मरत नाही. ते श्वास घेत राहतं, आणि श्वास घेता घेता पिकतं, सडतं. म्हणून खोलीतला ऑक्सिजन काढून दोन टक्क्यांवर आणायचा. फळ झोपी जातं, आठ-दहा महिने उठत नाही. माणूस त्या हवेत गेला तर दोन श्वासांत आडवा होतो. तोही उठत नाही.

प्रत्येक खोलीतून एक बारीक नळी मशीनपर्यंत आलेली होती. मशीनमधला पंप टिकटिक करत एकेका खोलीची हवा ओढायचा, मोजायचा. दोन मिनिटं एक नंबर, दोन मिनिटं दोन नंबर, असं बारापर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. मोजून झालेली हवा मशीनच्या मागच्या बोटभर नळीतून तिथेच खोलीत सुटायची. त्यामुळे कंट्रोल रूमला कायम फळांचा वास असे, थंड आणि जरा आंबूस.

स्क्रीनवर प्रत्येक खोलीचे दोन आकडे. एक ऑक्सिजनचा आणि एक श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूचा, त्याला सगळे नुसतं कार्बन म्हणत. प्रत्येक आकड्याला एक लिमिट. आकडा लिमिटच्या पलीकडे गेला की अलार्म. आणि ते लिमिट खुर्चीवर बसणाऱ्याला बदलता यायचं. वर जाणारा एक बाण, खाली जाणारा एक बाण, संपलं.

इथली पद्धत अर्ध्याची होती. अलार्म फार कटकट करायला लागला की लिमिट अर्ध्या टक्क्याने सरकवायचं. अर्ध्याने काय होतंय? पुढच्या पाळीचा माणूस यायचा, त्याला वाटायचं की लिमिट मुळातच एवढं आहे, तो त्याच्यापुढे अर्धा सरकवायचा. कोणीच काही केलेलं नसायचं. सगळ्यांनी मिळून केलेलं असायचं.

सात नंबर रिकामी होती. दादा तिच्या दाराशी जीवानिशी गेला, त्यानंतर तिच्यातलं फळ फेकून दिलं, चौकशीसाठी दोन महिने ती सताड उघडी ठेवली, मग उंदीर शिरू नयेत म्हणून लावून घेतली. हमाल तिच्यात पाऊल टाकायला तयार नव्हते. रिकाम्या खोलीचा कार्बन शून्य असतो. त्या सकाळी तो शून्य पूर्णांक एक होता.

एवढंच. एक दशांश. धाकट्याने स्क्रीन बोटाने पुसून पाहिली.

२

"सहाची भिंत गळत असेल," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे कोठारातले सगळ्यात जुने ऑपरेटर. दादाला काम त्यांनीच शिकवलं होतं आणि आता धाकट्यालाही तेच शिकवत होते. समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. शाळेत मात्र तेही फार गेले नव्हते.

"सहात फळ आहे. फळ श्वास सोडतं. भिंतीतून थोडा सातमध्ये झिरपतो. झालं. लगेच डोळे काय वटारतोस?"

"पण दोन दिवसांनी एक दशांश वाढतोय मास्तर. बरोब्बर. मी बघतोय."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला, वर छताकडे बघत ओठ हलवले, बोटांवर हिशेब केला. "एवढ्या मोठ्या खोलीत दोन दिवसांनी एक दशांश म्हणजे... एका माणसाचा श्वास झाला बघ. कोणीतरी भाडेकरू ठेवलाय साहेबांनी." आणि ते हसले. मग आपण कोणासमोर बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी कप उचलून पुन्हा तोंडाला लावला. कप रिकामा होता.

रिकाम्या खोलीचं कार्बनचं लिमिट अर्धा टक्का ठेवलेलं. दहाव्या दिवशी सातने ते गाठलं. अलार्म किर्र वाजला आणि त्याच्यामागे आपोआप ब्लोअर सुरू झाला. खोलीची झाकणं उघडली, आतली हवा बाहेर, बाहेरची आत. अर्ध्या तासात आकडा शून्यावर आला.

तिथेच थांबला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. भिंत गळत असती तर आकडा लगेच पुन्हा चढायला लागला असता. सहातलं फळ काही श्वास घ्यायचं थांबलं नव्हतं. धाकटा दर चोवीस मिनिटांनी सातची पाळी यायची वाट बघायचा, आणि दर चोवीस मिनिटांनी शून्य. त्याला आतून भरून यायला लागलं. का, ते त्याचं त्यालाच कळेना. एखादं लहान मूल रडता रडता गप्प झालं आणि ते झोपलं की आणखी काही, हे उठून बघायची हिंमत होऊ नये, तसं काहीतरी.

दहाव्या दिवशी शून्य पूर्णांक एक आला. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग तो उठून मशीनच्या मागे गेला आणि सुटणाऱ्या हवेच्या नळीपाशी गाल नेला.

पाचची हवा थंड होती. सहाची थंड. पंपाने टिक केलं, सातची पाळी आली, आणि त्याच्या गालावर उबदार, दमट हवा आली.

३

त्या दिवसाचं असं झालं होतं.

तेव्हा धाकटा कोठारात दारांना सील लावायच्या टोळीत होता. सकाळी अकराला काम संपलं म्हणून तो दादाशेजारी येऊन बसला. दादाचा गुडघा दुखत होता. त्याने वर पॅन्ट सारून मलम चोळलं होतं आणि खोलीभर त्याचा झणझणीत वास सुटला होता. गल्लीचा अलार्म वाजत होता. गल्ली म्हणजे बारा दारांसमोरचा लांबलचक रस्ता. एखाद्या दाराचं सील सैल झालं की आतली मेलेली हवा गल्लीत येते आणि तिथला ऑक्सिजन उतरतो, म्हणून गल्लीलाही अलार्म. त्याचं लिमिट मुळात साडेएकोणीस. अर्ध्या-अर्ध्याने घसरत ते सोळावर आलं होतं.

"सातची झडप गळतेय वाटतं," दादा म्हणाला. "बघून येतो. बस इथे. बस रे, खुर्ची चावत नाही. आणि हा आवाज बंद कर, कान किटले माझे. खालचा बाण. अर्ध्याने फक्त."

दादा लंगडत दाराबाहेर पडला. धाकटा खुर्चीवर बसला. फिरती खुर्ची, दादा बाहेरून वळून बघतोय तोवर तो एकदा गरकन फिरलासुद्धा. मग त्याने खालच्या बाणावर बोट ठेवलं. ठेवलं आणि उचलायला उशीर केला. बटण दाबून धरलं की आकडे धावतात हे त्याला माहीत नव्हतं. सोळाचे चौदा झाले, बारा झाले, दहा झाले. आवाज बंद झाला होता. चूक झाली हे त्याला दिसत होतं. पण वर नेताना आणखी काही बिघडलं तर, असं वाटून त्याने हात मागे घेतला. दादा आला की सांगू.

सातच्या दाराच्या खालच्या अंगाला दोन फुटी झडप असते, जाड काचेची. दादा तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. सील बघायला त्याने झडप उघडली असणार. अलार्म पुन्हा वाजला नव्हता, म्हणजे गल्लीतली हवा त्या अर्ध्याच्या खाली गेलेली नाही असं त्याने धरलं. कोणीही धरलं असतं. सापडला तेव्हा तो कमरेपर्यंत आत होता.

चौकशीत निघालं की अकरा वाजून वीस मिनिटांनी गल्लीचं लिमिट दहावर आणलं गेलं. पॅनल दादाच्या नावाने चालू होतं, म्हणून नोंदीत दादाचंच नाव. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "स्वतःच्या हाताने स्वतःचा जीव घालवला. यावरून शिका." मास्तर मान खाली घालून उभे होते. साडेएकोणीसपासून सोळापर्यंत कोणी कोणी आणलं, ते उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्यापुढचं फक्त धाकट्याला.

तो बोलला नाही. आधी घाबरला म्हणून, मग उशीर झाला म्हणून. आणि मग दादाच्या जागी त्यालाच घेतलं.

४

नळीतून ऊब आली त्याच्या सहाव्या दिवशी नवं सॉफ्टवेअर बसवायला एक मॅडम आल्या. पायात बूट, हातात लॅपटॉप, बोलणं सरळ.

"ऑपरेटरला लिमिट बदलता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही भोंग्याची वायरच तोडता, मी पाहिलंय. फक्त आता मनाला येईल तितकं नाही. प्रत्येक आकड्याला मी खालची आणि वरची हद्द घालून देते. आणि बदलताना कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय बटण चालणार नाही."

"कोण वाचतं कारणं?" मास्तरांनी विचारलं.

"साठून राहतात. काही झालं तर वाचतात."

"म्हणजे मेल्यावर," मास्तर म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत.

भरलेल्या खोल्यांना त्यांनी हद्दी घट्ट घातल्या. गल्लीचं लिमिट साडेएकोणीसवर कुलूपबंद केलं, ते आता कोणालाच हलवता येणार नव्हतं. सात नंबर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "ही रिकामीच ना? मग दहापर्यंत मोकळी ठेवते. भरायच्या वेळी कळवा."

मॅडमची गाडी आवाराबाहेर पडली तेव्हा सातचा कार्बन शून्य पूर्णांक चार होता. अर्धा झाला की अलार्म, अलार्म झाला की ब्लोअर. धाकट्याने वरचा बाण दाबला. एक टक्का. स्क्रीनवर चौकट आली: कारण लिहा.

त्याला लिहायचा कंटाळा, शाळेपासूनच. बराच वेळ तो एकेक अक्षर शोधत बसला. मग लिहिलं: सहाची भिंत गळते.

पुढच्या वेळी: मशीन चुकतं. त्याच्या पुढच्या वेळी: रिकामी आहे, हरकत नाही. दीड, दोन, अडीच. अर्ध्या-अर्ध्याने. सहातलं फळ विकलं गेलं, खोली झाडून धुऊन उघडी टाकली. सातचा आकडा तसाच चढत राहिला, दोन दिवसांनी एक दशांश. आता भिंतीचंही कारण उरलं नव्हतं. त्या दिवशी त्याने चौकटीत लिहिलं, आवाज नको, आणि बटण चाललं. बटणाला कारण लागत होतं, खरं की खोटं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

५

तो मशीनमागे स्टूल घेऊन बसायला लागला. मास्तर आले की पंपाचा आवाज तपासतोय असं सांगायचा.

सातची पाळी दोन मिनिटांची. ऊब यायची, जायची, यायची. पंप एका लयीत टिकटिकत असताना हवा अशी थांबून थांबून का यावी? धाकट्याने स्वतःला समजावून पाहिलं. नळीत पाणी साठलं असेल, वळणावर अडकत असेल. त्याने नळी सोडवून झटकली. कोरडी ठणठणीत होती. परत लावली.

एके दुपारी तिच्यातून मलमाचा वास आला.

अगदी थोडा. फळांच्या वासाखाली लपलेला. धाकटा स्टुलावरून उतरून फरशीवर बसला आणि नळीचं तोंड त्याने नाकाशी धरलं. वास होता. मग तो बोलायला लागला. काय वाटेल ते. घरी छत गळतं, ते आपण बुजवलं. वहिनी पुन्हा शिवणाला बसायला लागली. मास्तर अजून तसेच, रिकाम्या कपातून चहा पितात. दोन मिनिटं झाली की टिक व्हायचं, आठची थंड हवा यायची, आणि तो पुढची बावीस मिनिटं मोजायचा.

त्याला वाटायचं की दादा त्याच्यापाशी येतो. त्याच्यासाठी येतो. या नळीच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला तो. महिनोन्महिने त्याने हेच वाटून घेतलं, आणि त्याच्या दिवसात दुसरं वाटून घेण्यासारखं काही नव्हतंही.

पण शेजारचा आकडाही तोच वाचत होता. ऑक्सिजन. एकवीसला सुरू झालेला, कार्बन जेवढा चढेल तेवढा हा उतरत होता. सतरा. सोळा. पंधरा. हवाबंद खोलीत माणूस कोंडला तर हेच होतं. बाहेरून हवा येत नाही, असलेली संपत जाते. धाकट्याला ते कळत होतं, तो काही मूर्ख नव्हता. ब्लोअर चालू केला तर ताजी हवा आत जाईल. पण गेल्या वेळी हवा गेली आणि नऊ दिवस काहीच उरलं नव्हतं. दहाव्या दिवशी परत आलं ते नशीब. पुन्हा आलं नाही तर?

चौदाला त्याने विचारलं, "दादा, ब्लोअर लावू का?"

नळीतून येणारी ऊब थांबली. पंप टिकटिकत होता आणि नळीतून काही येत नव्हतं. मग एकदम जोरात आली, एकामागून एक, धापा टाकल्यासारखी. टिक. आठ नंबर.

नको म्हणतोय, असं धाकट्याने धरलं.

६

दादाच्या वर्षश्राद्धासारखं घरात काही करायचं नाही असं वहिनीने आधीच सांगून टाकलं होतं. तरी तारीख जवळ आली तशी ती शिलाई मशीनवर बसली की सुई चालायची आणि कापड तिथेच राहायचं. एका संध्याकाळी धाकटा तिच्यासमोर खाली बसला.

"वहिनी, तुला एक सांगायचंय."

"जेवून घ्या आधी."

"त्या दिवशी बटण मी दाबलं होतं. दादाने नाही. तो अर्धा म्हणाला होता. मी दाबून धरलं."

वहिनीने सुईखालचं कापड काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मला माहीत आहे, भाऊजी."

"कसं?" त्याने विचारलं.

"अकरा वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं म्हणाले ना साहेब? अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्यांचा मला फोन आला होता. चार मिनिटं बोलत होते. गल्लीत चालत होते, पावलं ऐकू येत होती मला, एक पाय ओढत. धाकट्याला खुर्चीवर बसवून आलोय म्हणाले. साहेबासारखा बसलाय, गरगर फिरतोय. हसत होते."

"मग तू बोलली का नाहीस? सगळे म्हणतात त्याने स्वतःच्या हाताने..."

"बोलून काय झालं असतं? ते आले असते? तुम्ही गेला असता, आत, तुरुंगात. घरात दोन माणसं होती, दोन्ही गेली असती. मी एक ठेवलं."

"माझ्यामुळे त्याचं नाव..."

"हळू बोला." वहिनीचा आवाज चढला नाही. "आता तुम्ही कोणाला काही सांगायचं नाही. मी एवढं गिळलंय, ते फुकट घालवायचं नाही. समजलं? आणि मला पुन्हा कधी याच्यावर काही विचारायचं नाही. मी तुम्हाला माफ केलं का, असं तर मुळीच नाही."

ती उठून चुलीपाशी गेली. दोन ताटं वाढली. त्याच्या ताटात रोजच्याइतकंच वाढलं, ना कमी ना जास्त. तो जेवला.

म्हणजे कोणापुढे सांगून सुटायचं तेही उरलं नव्हतं. एकच माणूस होता ज्याने तोंडावर म्हणायला हवं होतं की तू केलंस. तो सातमध्ये होता.

७

सकाळी सातचा कार्बन नऊ, ऑक्सिजन बाराच्या खाली. लिमिट साडेनऊ होतं. धाकट्याने ते दहावर नेलं. कारण: आवाज नको. त्याच्यावर बाण चालेना. हद्द संपली.

तो गल्लीत उतरला. एकट्याने उतरायची मनाई होती. दिवे लागलेले, दोन्ही बाजूंना बंद दारं, पावलांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता. गल्लीचा अलार्म गप्प होता, आणि या वेळी तो खरोखर गप्प होता, त्याला कोणी गप्प केलेलं नव्हतं.

सातसमोर तो गुडघ्यावर बसला. झडपेची काच आतून धुक्याने भरली होती. बंद, कोरड्या, रिकाम्या खोलीची काच. त्याने बाहेरून बाहीने पुसली. धुकं आत होतं, गेलं नाही.

"दादा," तो म्हणाला. "मी केलं. मी दाबून धरलं. तू म्हण ना काहीतरी."

काहीच झालं नाही. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं धुकं थोडं आटलं, नाण्याएवढं. धाकट्याने मोबाइलचा उजेड त्यावर धरला आणि डोळा टेकवला.

हवा ओढणारी नळी झडपेच्या शेजारीच भिंतीतून आत येते, चार बोटं पुढे निघालेली असते. ती नळी त्याला दिसली. तिचं टोक दिसलं नाही. ते तोंडात होतं.

ओठ होते. निळसर, तडकलेले, नळीभोवती घट्ट मिटलेले. चेहरा अंधारात होता, उजेड तिथवर पोचत नव्हता, आणि धाकट्याने तो पोचवायचा प्रयत्नही केला नाही. त्याला फक्त गाल दिसले. गाल आत ओढले जात होते, खोल, हाडाला चिकटेपर्यंत. पंप हवा त्या बाजूने खेचत होता आणि हे तोंड या बाजूने खेचत होतं. मधूनच दमून ओठ सैल व्हायचे, एक श्वास सुटायचा, नळी तो घेऊन जायची. पुन्हा गाल आत.

तो त्याच्याशी बोलायला येत नव्हता. खोलीतून बाहेर जाणारं ते एकच भोक होतं, आणि तो त्यातून हवा मागत होता. महिनोन्महिने. अलार्म वाजायला लागेल एवढा श्वास साठवत होता, कोणीतरी ऐकावं म्हणून, आणि वाजायची वेळ आली की इकडे कोणीतरी वरचा बाण दाबत होतं.

धुकं परत चढलं.

धाकटा धावला. गल्ली, जिना, दार, खुर्ची. ब्लोअरचं बटण त्याने मुठीने दाबलं. खाली दूर कुठेतरी पाती फिरायला लागल्याचा घों आवाज आला. तो मशीनमागे गेला, नळी दोन्ही हातांत धरली. पंप दहावर होता. अकरा. बारा. एक. एवढे सावकाश सरकणारे आकडे त्याने कधी मोजले नव्हते. सहा. टिक.

गार हवा आली. सरळ, एकसारखी, न थांबता. तिला कसलाच वास नव्हता.

८

दुपारी मास्तरांनी साहेबांची परवानगी काढून सात उघडली. दोघांनी आत बॅटऱ्या मारल्या. फरशी कोरडी, भिंती कोरड्या, कोपऱ्यात जुन्या क्रेटची एक फळी. मास्तर झडपेपाशी वाकले.

"ही बघ, नळीचं टोक चावून चपटं केलंय. उंदीर. तरी म्हणतोय आकडे असे वेडेवाकडे का." त्यांनी चाकूने दोन इंच कापून टाकलं. "मिटलं. बघ, किती साधं असतं." चाकू खिशात टाकून ते म्हणाले, "घरी जा आज. मी बसतो."

धाकटा गेला नाही.

त्याने सातचं लिमिट खाली आणलं. नऊ, पाच, एक. कारण विचारलं तेव्हा काहीतरी लिहिलं, बटण चाललं. मॅडमनी घालून दिलेली खालची हद्द शून्य पूर्णांक एक होती. त्याने ते तिथे ठेवलं. आता खोलीत कोणी दोन दिवस हळू श्वास घेतला तरी अलार्म वाजला असता, आणि ब्लोअर धावला असता, आणि हवा मिळाली असती.

दहा दिवस झाले, पंधरा झाले, एकवीस झाले. मास्तर आता सातबद्दल बोलत नाहीत. वहिनी ताट वाढते. तो आठला येतो, खुर्ची पुसतो, बसतो. सातची पाळी आली की आकडा येतो, शून्य. अलार्म एकदाही वाजलेला नाही.

सोमवारी सातमध्ये फळ भरणार आहेत. साहेब म्हणाले, खोली किती दिवस अडवून ठेवायची. दोनशे टन फळ आत जाईल, दार लागेल, सील लागेल, आणि ते सगळं फळ एकदम श्वास घ्यायला लागेल. मग त्या आकड्यात कोणाचा श्वास कुठला, ते कुठल्याच मशीनला सांगता येणार नाही. लिमिट तीनवर न्यावं लागेल.

आज शुक्रवार आहे. धाकटा मशीनमागे फरशीवर बसलाय, नळी गालाला लावून. पाच. सहा. टिक.